ठमीचं मुसळ

६ ऑक्टोबर २०२२, गुरुवार

काल दसरा झाला. आजपासून रोजनिशी सुरू. कारण शास्त्रीय आहे. पंचवीस तारखेला सूर्यग्रहण आहे, आणि त्याच्या नोंदी कुणीतरी नीट ठेवायला हव्यात. गावात तसा माणूस एकच.

शास्त्रीय नोंदीला नाव लागतं. हिरामण म्हात्रे, निवृत्त क्रेन ऑपरेटर, न्हावा शेवा बंदर.

निश्चय केले. रोज सकाळी किनाऱ्यावर चालायचं. तंबाखू बंद. बायकोच्या, म्हणजे ठमीच्या, फोटोशी बोलणं बंद. शेवटचा सगळ्यात सोपा, कारण मी बोलत नाहीच, फक्त घरात काय चाललंय त्याची माहिती देतो.

संध्याकाळी फोटोला निश्चय सांगितले. तंबाखूचं ऐकून ती हसल्यासारखी वाटली. ट्यूब बदलायला हवी, उजेड हलतो.

८ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस अजून रेंगाळतोय. चालायला गेलो नाही. ओल्या वाळूत गुडघे धरतात.

कपाट उघडलं तर २०१९च्या डिसेंबरातल्या ग्रहणाचे चष्मे सापडले. कागदी, काळ्या फिल्मचे. दोन. माझा वापरलेला. ठमीचा अजून प्लास्टिकच्या पाकिटात, सील तसंच. त्या दिवशी तिला किती समजावलं, किनाऱ्यावर चल, जरा बघ आणि ये परत. ती घरात परातीपुढे बसलेली. आमच्याकडची जुनी समजूत आहे. ग्रहण लागलं की परातीत पाणी घ्यायचं आणि त्यात मुसळ ठेवायचं. ते म्हणे आपोआप उभं राहतं, आणि ग्रहण सुटलं की पडतं. ते उभं आहे तोवर घरच्या माणसाला बाधा नाही. मी हसलो. ती बोलली, हसा, पण मी पुढच्याला येईन. नक्की येईन किनाऱ्यावर.

पुढचं २०२०च्या जूनमध्ये आलं. वादळाने आमचे पत्रे उडवून नेलेले आणि आभाळ गच्च. ते धरायचं नाही. म्हणजे तिचं पुढचं ते हे यंदाचं.

ती माघात गेली. तेव्हा आता तो चष्मा स्पेअर. पुसून परत ठेवला.

१० ऑक्टोबर, सोमवार

गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'सूर्यग्रहण : भीती नको, विज्ञान हवे.' पंचवीसला किनाऱ्यावर जाहीर कार्यक्रम. आधी माझं भाषण, मग चष्म्यातून ग्रहण, आणि शेवटी डेमो. मुसळ कुठल्याही दिवशी, कुठेही उभं राहतं, ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, हे मी सगळ्यांसमोर दाखवणार.

प्रतिसाद उत्तम. दोघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा.

भिकूने हसणारं तोंड टाकलं. भिकू आमचा शेजारी, शाळेपासूनचा, मांडव्याला जेट्टीच्या रस्त्यावर त्याची चहाची टपरी आहे. कुंपणावरून बोलला, हिरामण, आधी घरात उभं करून बघ, मग गावाला दाखव. जळतो.

लोकांसाठी ग्रहणाच्या चष्म्यांचं अख्खं पाकीट ऑनलाइन मागवलं. चार दिवसांत येईल असं लिहिलंय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मुसळ बाहेर काढलं. ठमीने फडक्यात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेलं. फडक्याला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास. तेल जुनं झालं की वास राहतो, त्यात विशेष काही नाही.

परात, पाणी, मुसळ. पडलं. परत ठेवलं. पडलं. तिसऱ्यांदा माझ्या पायावर पडलं.

जहाजावर चाळीस टनांचा कंटेनर चार लॉकमध्ये असा बसवायचो की खालच्या माणसाला आवाजसुद्धा यायचा नाही. वाऱ्यात, पावसात. त्या माणसाला एक लाकूड उभं करता येणार नाही असं होणार नाही. दोष लादीचा आहे. पडवीला उतार आहे. पाणी जावं म्हणून मीच गवंड्याला सांगितलेलं.

उद्या मधल्या खोलीत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

मधल्या खोलीतही उतार आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

कल्पिता आली. प्रज्योत गाडीने वडखळवरून घेऊन आला, चहा घेतला आणि उरणला परत गेला. आमचा जावई मितभाषी. ट्रेलरचा धंदा, सारखा फोन कानाला.

कल्पिताला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठमी असतानाच ठरलेलं. दुपारी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं, की घरात बाईमाणूस नाही, त्यात दिवाळीत ग्रहण आलंय, गरोदर पोरीने घरात बसायचं असतं, सुरी-सुई हातात धरायची नसते, हे सगळं तुम्हाला जमेल का. भाऊबीजेला मी स्वतः येऊन बघते. जमत नसेल तर बाळंतपण उरणला करू.

मी त्यांना आधुनिक विचार, पोषण आहार आणि चंद्राची कक्षा या विषयांवर सविस्तर सांगितलं.  त्यांनी बरंय म्हणून फोन ठेवला. चांगला प्रभाव पडला असणार.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. कल्पिताने इथे राहावं हे तिच्या सोयीसाठी. मला एकट्याला काही अडत नाही.

तिचे कपडे कपाटात लावले. रिकामी बॅग माळ्यावर टाकली. पार मागे, पिंपाच्या आड.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

कल्पिताला पूर्ण आराम मिळतोय. आज तिने फक्त भाकऱ्या, बोंबलाचं कालवण आणि भांडी केली. भात मी लावणार होतो. लावला. कुत्र्याने खाल्ला, म्हणजे अगदीच वाईट नव्हता.

दुपारी पडवीत बसलेलो. आतून बांगड्या वाजल्या. मग, अवो. अगदी नेहमीसारखं, शेवटी जरा लांबवलेलं. मी ओ दिली. उठून आत गेलो तर स्वयंपाकघरात कुणी नाही, कल्पिता पुढच्या खोलीत गाढ झोपलेली.

वारा होता. खिडकीतून येतो.

खिडकी बंद होती. फटीतून येतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

मुसळाचा अभ्यास पुढे चालू. खालची लोखंडी कडी एका बाजूने झिजली आहे, त्यामुळे ते कलतं. परातीत वाळू घालून पाहिली. पडलं. तांदूळ घातले. पडलं. कल्पिताने ते तांदूळ धुऊन घेतले. बघितलं मात्र अगदी तिच्या आईसारखं.

दुपारी कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं मुसळ आपोआप आडवं झालं. मोठा आवाज. जवळ कुणी नव्हतं. वारा.

कल्पिताने विचारलं, आई कसं उभं करायची मग. मी सांगितलं, ते उभं राहायचं यात शंका नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. पंचाण्णवचं ग्रहण. तेव्हाही दिवाळीच होती आणि सकाळची वेळ. कल्पिता तेव्हा ठमीच्या पोटात. मी एक्स-रेची फिल्म घेऊन किनाऱ्यावर उभा, ठमी घरात. उजेड असा झालेला की माणसं आजारी दिसत होती. कोंबड्या परत खुराड्यात. परत आलो, दारातून बघितलं. आत काळोख. ठमी परातीला टेकून बसलेली, पदर पुढे ओढून घेतलेला, आणि मुसळ ताठ उभं. आत पाय टाकणार तेवढ्यात ओरडली, शिवू नका, भायेर थांबा, आधी अंघोळ करा. विहिरीवर अंघोळ करून येईपर्यंत रस्त्याने दे दान सुटे गिरान अशा हाका सुरू झालेल्या, आणि मुसळ गेलेलं कोपऱ्यात. ठमी सुपात तांदूळ घेऊन दाराशी निघालेली.

नंतरच्या प्रत्येक ग्रहणाला हेच. दारातून बघायचो, उभं दिसायचं, आधी अंघोळ. दहा सालचं तर जवळजवळ अख्खी दुपार चाललेलं.

कल्पिता म्हणे, म्हणजे जवळून कधी बघितलंच नाय तुमी.

तिला सांगितलं, शास्त्रज्ञ चंद्रसुद्धा लांबूनच बघतात.

२२ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, ठमीला वर्ष झालेलं नाही. कंदील नाही, तळण नाही. भिकूच्या जनीवहिनी डबाभर फराळ देऊन गेल्या. चकली कडक होती. तिच्यासारखी कुणाची होत नाही, हे एकदाच लिहितो.

भिकू कॅलेंडर घेऊन आला. म्हणे हे ग्रहण ग्रस्तास्त आहे. म्हणजे ग्रहण लागलेलं असतानाच सूर्य समुद्रात बुडणार. सुटलेलं इथून दिसणारच नाही. जुन्या लोकांचा नियम असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ सूर्य बघायचा आणि मगच जेवायचं. मी त्याला सांगितलं, सावली आपल्या वेळेला सरकणारच, आपल्याला दिसो न दिसो.

तो म्हणे, ते ठीक हाय, पन मग मुसळ कवा पडायचं.

त्याला सांगितलं, तुझ्या टपरीवर गिऱ्हाईक थांबलं असेल.

हा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता. सुटलेलं कळणारच नसेल तर बाई परातीपुढून उठणार कधी. ठमीने काय केलं असतं कुणास ठाऊक. फोटोला विचारणार होतो, पण निश्चय आहे. म्हणून त्या दिशेला तोंड करून नुसता मोठ्याने विचार केला.

चष्म्यांचं पाकीट पनवेलला आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

कल्पिता स्वतःहून बोलली, ग्रहण बघायला मी पण येणार. डॉक्टरांना विचारलंय, चष्मा घालून बघायला काही हरकत नाही. सासूबाईंना सांगायचं नाय एवढंच.

ऊर भरून आला. माझीच मुलगी. तिला शाबासकी दिली आणि म्हणालो, अंधश्रद्धेचा एक कणही या घरात राहता कामा नये.

नंतर विळी, दोन्ही सुऱ्या आणि कात्री माळ्यावर ठेवली. धार लावायला द्यायची आहेत. सुईदोऱ्याचा डबाही ठेवला. सुया हरवतात.

२४ ऑक्टोबर, सोमवार

लक्ष्मीपूजन. सगळीकडे फटाके. आमच्या दारात काळोख म्हणून पोरं इथून गुपचूप जातात.

सकाळी भाषणाची तालीम फोटोसमोर केली. हे बोलण्यात धरायचं नाही, ती श्रोता म्हणून होती.

दुपारी डोळा लागला आणि स्वप्न पडलं. स्वप्नं लिहिणार नव्हतो. मी क्रेनच्या केबिनमध्ये. खाली जहाजावर कंटेनर उतरवतोय. लॉक लागत नाहीये. वाकून बघितलं तर खाली ठमी, एका हाताने कंटेनर खालून धरून उभी. मी ओरडतोय बाजूला हो, बाजूला हो. ती वर बघून बोलली, तुमी तुमचं काम करा.

उठलो तेव्हा बनियन भिजलेलं. पंखा तीनवर होता, तो पाचवर करायला हवा होता.

मुसळाचं अजून जमलेलं नाही. पण वाळूत नक्की उभं राहील. खोचता येईल.

२५ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी

आभाळ स्वच्छ. पाकीट पनवेललाच. चष्मे दोनच आहेत, सगळ्यांनी आळीपाळीने बघायचं. असं केल्याने एकी वाढते.

भिकू दोन खुर्च्या किनाऱ्यावर नेऊन ठेवतो म्हणाला. कल्पिताने विचारलं, एक माझी, दुसरी कोणाची. मी म्हणालो, पाहुण्यांना असावी. कोण पाहुणे. येतात कोणी ऐनवेळी.

दुपारी

घरातली माणसं दारं लावून बसली आहेत. गल्लीत कुत्रंही नाही. ग्रुपवर आठवण टाकली. कुणी बघितलेली नाही. सगळे तयारीत असतील.

चार वाजता

कल्पिता तयार. आईच्या चष्म्याचं पाकीट घेऊन कात्री शोधत होती. कात्री मिळेना. मी माळ्याकडे बघायचं टाळलं. शेवटी तिने दाताने फाडलं. तो प्लास्टिकचा आवाज. एवढी वर्षं नीट राहिलेलं पाकीट. मला वाईट वाटलं. उगाच.

चष्मा घालून वळली आणि म्हणाली, कशी दिसते. ठमी एकदा डोळ्यांच्या तपासणीला गेलेली तेव्हा तो काळा चष्मा घालून अशीच उभी राहिली होती.

मी तिला सांगितलं की वाळू तापलेली असेल. तिने चपला दाखवल्या. वारा आहे म्हणालो. ती म्हणे, पान हलत नाय बाबा. एवढा वेळ उभं राहणं बरं नाही म्हणालो. ती म्हणे, खुर्च्या तुमीच पाठवल्या. मग भिकू आला आणि ती त्याच्याबरोबर निघाली. मी म्हणालो, व्हा पुढे, मी मुसळ घेऊन आलोच.

आता निघतोय.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

कार्यक्रम यशस्वी झाला. तपशील खालीलप्रमाणे.

मी मुसळ घ्यायला मधल्या खोलीत गेलो. वाटलं, निघण्याआधी एकदा शेवटचं बघू. परातीत पाणी घेतलं. मुसळ ठेवलं. कलायला लागलं म्हणून हात लावला. घड्याळात ग्रहण लागलेलं. सोडणार तेवढ्यात मनात आलं, पोर बाहेर उभी आहे. सात महिन्यांची. तिच्यावर ती सावली पडतेय. दोन मिनिटं धरू, म्हटलं, मग जाऊ. शास्त्रात प्रयोग अर्धवट सोडत नाहीत.

खिडकीतला उजेड पिवळा पडत गेला. संध्याकाळी तसाही पडतो.

थोड्या वेळाने दंड भरून आला. दुसरा हात लावायला गेलो तर मुसळ डुगडुगलं. परत उजवाच. पाठ भिंतीला टेकवली. खांद्यावर टॉवेल होता, तो पुढे ओढून हाताखाली घेतला, तेवढाच आधार. किनाऱ्यावरून माणसांचा आवाज येत होता. मधेच हसणं. भिकू काहीतरी मोठ्याने सांगत होता. राहू म्हणाल्याचं ऐकू आलं. टाळ्या पडल्या. माझ्या कार्यक्रमात.

उठलो नाही.

समोर कपाटाचा आरसा आहे. काळोख पडायला लागला तेव्हा त्यात बघितलं. परातीला टेकून कुणीतरी बसलेलं, पुढे काहीतरी ओढून घेतलेलं, आणि मुसळ ताठ उभं.  तोंडातून निघालं, ठमे. मग आरशातल्याने मिशी पुसली.

सूर्य केव्हा बुडाला कळलं नाही. बुडाल्यावरही सोडवेना. ग्रहण तर सुटलं नव्हतं. रस्त्याने सुटे गिरान म्हणत कुणी जाईल म्हणून कान देऊन बसलो. यंदा कुणी आलं नाही. हल्ली कुणी येतच नसेल.

अंगणात चपला वाजल्या. कल्पिता दारात. आत काळोख. ती पाय टाकणार तेवढ्यात मी ओरडलो, शिवू नको, बाहेर थांब, आधी अंघोळ कर.

तोंडातून गेलं. का ते माहीत नाही.

ती बराच वेळ दारातच उभी राहिली. मग मागे न्हाणीकडे गेली. पाण्याचा आवाज आला तेव्हा मुसळ उचललं आणि फडक्यात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. गाठ डाव्या हाताने मारावी लागली.

नंतर तिने कसं दिसलं ते सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा सूर्य एका बाजूने मोडलेला. लाल. तसाच मोडका समुद्रात गेला. शेवटी नुसतं एक टोक पाण्यावर राहिलं. किनाऱ्यावर बारा-पंधरा माणसं होती, अर्धी मुंबईची, विकेंडच्या बंगल्यांतली. भिकूकाकांनी भाषण केलं, सगळं चुकीचं होतं, पण लोकांना आवडलं. त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसायचं होतं. तिने बसू दिलं नाही.

मग म्हणाली, मी आधी माझं बघितलं बाबा, मग आईच्या वाटणीचं.

मी विचारलं, दिसलं का नीट. ती म्हणाली, हो. नीट दिसलं.

तिने जेवायला वाढलं. मला भूक नव्हती. ग्रहणाशी संबंध नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी

उजाडताना मागच्या दारी उभा राहिलो. नारळांच्या मागून सूर्य वर आला. पूर्ण गोल. कुठेही मोडलेला नाही. फक्त निरीक्षण म्हणून बघितला. नंतर कालचा भात आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

उजवा हात कोपरापासून थरथरतो. तंबाखू मळताना सांडला. (तंबाखू आजच्यापुरता.)

आज पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. विहीणबाई येणार. घर झाडलं. विळी, सुऱ्या खाली काढल्या. सगळं व्यवस्थित आहे. नाव ठेवायला जागा नाही.

दुपारी

विहीणबाई आणि प्रज्योत येऊन गेले.

सुरुवात छान झाली. कल्पिताचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, पोर खुशीत दिसते. घर बघितलं, स्वयंपाकघर बघितलं. मान हलवली. मी चहा स्वतः केला, स्वतः घेऊन आलो. कप त्यांच्या हातात देताना बशी वाजायला लागली. थांबवायला गेलो तर जास्त वाजली. चहा त्यांच्या पातळावर.

त्यांनी कप बाजूला ठेवला आणि माझा हात बघत राहिल्या. हळूच विचारलं, कवापासून असं होतंय. मी म्हणालो, क्रेनचा लिव्हर ओढून ओढून झालंय, जुनंच आहे. त्या म्हणाल्या, ओला-नागडा जीव असतो हो, या हातात कसा धरायचा.

कल्पिता काहीतरी बोलायला लागली. मी तिच्याकडे बघितलं. ती कपबशी उचलून आत गेली.

जाता जाता विहीणबाईंनी आणखी एक विचारलं. ग्रहणाला मुसळ ठेवलेलं का परातीत. त्यांच्याकडे अजून ठेवतात. ज्या घरात पोरीसाठी एवढं केलं जातं तिथे पोर ठेवायला जिवाला घोर नसतो, असं काहीसं म्हणाल्या.

मी ताठ बसून सांगितलं, आमच्या घरात असले प्रकार चालत नाहीत.

त्या बरंय म्हणाल्या.

प्रज्योतने माळ्यावर चढून पिंपामागून बॅग काढली. एवढी आत कुणी टाकली म्हणाला. कल्पिताने कपडे भरले. निघताना माझा उजवा हात धरून उभी राहिली, थरथर थांबेपर्यंत. थांबली नाही. म्हणाली, बाबा, सांगायचं होतं ना. मी म्हणालो, काय सांगायचं.

गाडी वडखळच्या रस्त्याला लागली असेल. जे झालं ते बरंच झालं. उरणला दवाखाने मोठे. मला इथे लिहायला शांतता मिळेल.

संध्याकाळी

कुरियरवाला येऊन गेला. चष्म्यांचं पाकीट. सही डाव्या हाताने केली.

फराळाचा डबा न्यायला जनीवहिनी आल्या. मी डबा उचलून दिला तर हातातून निसटला. त्यांनी हात बघितला, मग कोपऱ्यातलं फडकं बघितलं, आणि तिथेच पडवीच्या पायरीवर बसल्या. हसल्या. मग डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, भावजी, ठमीचा पन हात असाच व्हायाचा. गिरान झालं की दुसऱ्या दिशी माझ्याकडं यायची, गरम तेल लावून घ्यायला. दहा सालच्या गिरानानंतर तर आठ दिस तिला भाकरी थापता येत नव्हती.

मी म्हणालो, मुसळ आपोआप उभं राहतं.

त्या म्हणाल्या, कुठं राहतं. कुनाकडंच राहात नाय. बाकीच्या दोनदा ठेवून बघतात नि देतात सोडून. ठमी नाय सोडायची. म्हनायची, ह्यो माणूस तिकडं उघड्यावर उभा हाय, मी कशी सोडू.

तेल तापवून देते म्हणाल्या. मी नको म्हणालो. वाटी ठेवून गेल्या.

काय बोलणार. अशिक्षित बाई. मी केलं तो प्रयोग होता, त्याचा आणि याचा संबंध नाही.

हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय म्हणून अक्षर असं आलंय. पुढचं ग्रहण २०२७च्या ऑगस्टमध्ये. भर पावसाळा, दिसायचं काही नाही. तेव्हा कल्पिताचं पोर चार-साडेचार वर्षांचं असेल, बाहेर उंडारत असेल. तोवर हात बरा व्हायला पाहिजे.

आत्ता निश्चय मोडला. मुद्दाम मोडला. फोटोसमोर पाट घेऊन बसलो आणि सरळ विचारलं. ठमे, तू दहा साली अख्खी दुपार कशी धरलीस. मला परत आल्यावर म्हणालीस, भाकरी नाय जमत आज, पाव आणा. मी चिडलो आणि पाव आणायला गेलो. तेव्हा का नाही बोललीस.

दिवा लावला नाही. बराच वेळ बसलो. बांगड्या नाहीत, काही नाही. दारं-खिडक्या सगळ्या उघडून ठेवल्या आहेत.

आज वारा पडलाय.